चौकटीत न मावलेलं वाक्य

गेल्या वर्षी आईची वाचा गेली आणि आमच्या घरात बाबांवर ओरडणारं एकच कुणीतरी उरलं, ते म्हणजे बाबांचा कॉम्प्युटर. तो आईच्याच शब्दांत ओरडायचा. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझ्या आवडीनिवडींबद्दल बोलावं लागेल. त्या विषयावर मला एरवी कुणी बोलू देत नाही, त्यामुळे ही संधी मी सोडणार नाही.

मी लिनक्सवाली आहे. खराडीतल्या एका कंपनीत दिवसभर या कामाचा पगार घेते आणि घरी येऊन तेच काम फुकट करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी अशी प्रणाली आहे की जी कुणालाही उघडून बघता येते, मनासारखी बदलता येते आणि बदललेली दुसऱ्याला देता येते. बाकीच्या म्हणजे हॉटेलातली भाजी. आवडली तर खा, नाही तर उठा, पण आत स्वयंपाकघरात डोकवायचं नाही. मला लहानपणापासून आत डोकवायची खोड आहे.

आता सगळे लिनक्सवाले एका मताचे असतील असं कुणाला वाटत असेल तर तसं मुळीच नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही काही जण एका मैत्रिणीच्या गच्चीवर जमतो. कुणाचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, चांगला यावरून तिथे इतकं जुंपतं की चहा निवतो आणि पुढच्या वेळी दोघं-तिघं येत नाहीत. माझं मत पक्कं आहे. मला हलणारं, चमकणारं आणि विचारल्याशिवाय बोलणारं काहीही आवडत नाही, माणसंसुद्धा नाहीत. एक राखाडी पट्टी, चौकोनी खिडक्या, कोपऱ्यात घड्याळ, बस्स. माझा धाकटा भाऊ बंगळुरूला असतो. तो माझ्या डेस्कटॉपला तहसील कचेरी म्हणतो. त्याचा स्वतःचा लॅपटॉप चावलेल्या सफरचंदाचा आहे. तो पहिल्यांदा घरी आणला तेव्हा आईने उलटा करून पाहिला, म्हणाली, "एवढा महाग, आणि तोही उष्टा?" आणि कुकर लावायला निघून गेली.

आई म्हणजे महापालिकेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. आमच्या विश्रांतवाडीतली निम्मी दुकानं तिच्या विद्यार्थ्यांची आहेत, त्यामुळे तिला वजनात मारायची कुणाची हिंमत होत नाही. बाबा पाटबंधारे खात्यात होते. सगळी नोकरी खडकवासल्याच्या कालव्यावर गेली आणि निवृत्तीनंतरही त्यांचा जीव तिथेच राहिला. वर्तमानपत्रांच्या संपादकांना पत्रं लिहिणं हा त्यांचा छंद आहे आणि विषय एकच, कालव्याची गळती. क्वचित बदल म्हणून टँकर.

त्या पत्रांसाठी त्यांना कॉम्प्युटर हवा होता. नवा घेण्याच्या मी विरुद्ध होते, कारण हलकं लिनक्स जुन्या खोक्यावरही मजेत चालतं हे मला घरी सिद्ध करायचं होतं. मी बुधवार पेठेत जुन्या कॉम्प्युटरच्या एका दुकानात गेले. दुकानदाराला विचारलं, "यावर लिनक्स चालेल का?" त्याने मान वर न करता उत्तर दिलं, "चालवता आलं तर चालेल." मी खोका घेतला.

बाबांची एकच अट होती, सगळं मराठीत पाहिजे. तेही होतंच. आमच्यासारख्याच काही हौशी लोकांनी पदरचा वेळ घालून सगळ्या सूचनांचं मराठी करून ठेवलेलं आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांतल्या काहींनी आयुष्यात वडिलांशी बोलून पाहिलं नसावं. दुसऱ्याच दिवशी बाबांचा ऑफिसात फोन आला. "माझं काहीतरी अयशस्वी झालंय. अधिप्रमाणन म्हणे. हे शरीरात कुठे असतं?" पासवर्ड चुकला होता. मग पत्र लिहून ते साठवायचं विसरून बंद करायला गेले की कॉम्प्युटर विचारायचा, ‘आपण बदलांचा त्याग करू इच्छिता?’

"बदलांचा त्याग?" बाबा म्हणाले. "मी काय भिक्खू व्हायला निघालोय?" आणि हाताला येईल ते बटण दाबून मोकळे व्हायचे. अशी कालव्याची किती पत्रं वाहून गेली याला गणती नाही.

इथे माझ्या आवडीचं महत्त्व येतं. लिनक्समध्ये या सगळ्या सूचना एका साध्या फाइलमध्ये असतात. वरच्या ओळीत इंग्रजी वाक्य, खालच्या ओळीत मराठी. खालची ओळ खोडून तिथे काय वाटेल ते लिहा, पुढच्या वेळेपासून कॉम्प्युटर तेच बोलतो. मी आधी सभ्यपणे ‘पत्र साठवलेलं नाही, साठवू का?’ असं लिहून पाहिलं. उपयोग शून्य. बाबा विनंत्या वाचत नाहीत. त्यांनी जन्मात एकाच आवाजाकडे लक्ष दिलंय. मग एका शनिवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर फाइल उघडून बसले आणि सगळ्या सूचना आईच्या बोलण्यात लिहून काढल्या. आठवावं काही लागलं नाही. आई आत स्वयंपाकघरात होती आणि बाबा समोर होते, त्यामुळे मजकूर आपोआप येत होता.

हवी ती फाइल सापडली नाही की कॉम्प्युटर म्हणू लागला, ‘जिथे ठेवलंत तिथेच असेल. मी हात लावलेला नाही.’ जागा भरली की, ‘नको ते सगळं साठवायचं आणि मग जागा नाही म्हणायचं.’ प्रिंटरमधला कागद संपला की, ‘कागद नाही. आणायला सांगितला होता.’ काही उघडायला वेळ लागला तर, ‘जरा दम धरा, मला दोनच हात आहेत.’

राहता राहिली पत्र न साठवता बंद करण्याची सूचना. त्याला आईचं एक ठरलेलं बोलणं होतं. बाबा रोज घराबाहेर पडताना काहीतरी विसरतात, कधी चष्मा, कधी छत्री, कधी पिशवी. आई ते घेऊन जिन्यापर्यंत जायची आणि वरून ऐकवायची, "तसेच निघालात? काय राहिलंय बघा. मी काय जन्माला पुरणार आहे?" हे आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना पाठ होतं. मी ते जसंच्या तसं फाइलमध्ये घातलं आणि फजिती झाली. बाबांनाही मी माझाच तो लाडका साधा डेस्कटॉप दिला होता आणि त्याला लांब वाक्य मोडून खालच्या ओळीत नेता येत नव्हतं. चौकट नुसती लांबत गेली, पडद्याबाहेर गेली आणि तिच्याबरोबर बटणंही गेली. बटणं नाहीत म्हटल्यावर काय करणार? शेवटचं वाक्य मी कापलं. ‘तसेच निघालात? काय राहिलंय बघा.’ एवढं नेमकं बसलं.

संध्याकाळी बाबांनी पत्र लिहिलं आणि सवयीने तसंच बंद करायला गेले. चौकट उघडली. बाबा खुर्चीत ताठ झाले आणि त्यांनी मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"काही म्हणालीस का गं?"

"नाही," आतून आई म्हणाली.

मग त्यांनी मला हाक मारली. "ही इथे कशी आली?"

त्या दिवसापासून एकही पत्र हरवलं नाही. दुसऱ्या दिवशी आई पदराला हात पुसत आली आणि चष्मा लावून वाचायला लागली. "हे मी असं म्हणते?"

"अगदी असंच."

"मग अर्धंच लिहिलंयस."

"मावलं नाही गं आई."

"मग मोठं कर तुझं ते," आई म्हणाली. "मी कशाला लहान होऊ?"

मी काही ते मोठं केलं नाही. पण आई मात्र तेव्हापासून त्या फाइलची मुख्याध्यापिका झाली. एखादी फाइल खोडताना येणाऱ्या सूचनेत मी ‘टाकते. मग मागू नका’ असं लिहिलं होतं. ते तिला पसंत पडलं नाही. "टाकू का, असं विचारते मी. विचारल्याशिवाय मी कुणाचं काही टाकत नाही." यावर बाबा पेपरामागून पुटपुटले, "माझे शर्ट." सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना ते सांगायचे, "घरात एक कमी पडत होती, म्हणून लेकीने दुसरी करून दिली." पण सांगताना हसायचे. त्यांना ते आवडलं होतं हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

मग एका सकाळी आईच्या हातातून चहाचा कप सुटला. खाली बघून ती काहीतरी बोलायला गेली आणि आवाज आला तो नुसता, "ते, ते, ते." मेंदूत गुठळी झाली होती. दवाखान्यातून घरी आली तेव्हा ती काठी न घेता चालत होती. उजवा हात थोडा जड होता. समोरचा काय बोलतो ते सगळं कळत होतं, फक्त शब्द येत नव्हते. डॉक्टर म्हणाले, येतील, नाही असं नाही, पण जे यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत येतं, तेव्हा बोलतं करत राहा.

घर शांत असावं ही माझी जन्माची मागणी होती. ती पुरी झाली आणि मला ती शांतता एक दिवसही सोसवली नाही. मला भयंकर भीती वाटायची. जेवताना चमचा पडला तर तिघंही दचकायचो आणि पुढच्या वाक्याची वाट बघत थांबायचो. ते यायचं नाही.

वाचा शिकवायला एक बाई घरी येऊ लागल्या. शांत स्वभावाच्या, बोलणं मोजकं. त्यांनी सांगितलं, "जे तोंडपाठ आहे ते आधी येतं. गाणं, पाढे, वंदना. तुम्ही वाक्य सुरू करा आणि शेवट त्यांच्यावर सोडा." तसंच झालं. रविवारी विहारात सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं तेव्हा आईचा आवाज सगळ्यांत मिसळून बाहेर आला. बाबा उठून चपला ठेवतात तिथे गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. पण घरी आल्यावर पुन्हा ते, ते, ते. वंदना येत होती, आई येत नव्हती.

भावाने बंगळुरूहून एक टॅब पाठवला. फार प्रेमाने पाठवला, त्यात शंका नाही. त्यावर चित्रं होती. पेल्यावर बोट ठेवलं की एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणायची, "मला पाणी हवे आहे." आईने एकदाच बोट ठेवलं. त्या बाईचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग टॅब पालथा केला, त्यावर पोळ्यांचा डबा ठेवला आणि उठून स्वतःच्या हाताने माठातलं पाणी प्यायली. निदान त्या बाईच्या तोंडी आईचे शब्द घालता येतात का म्हणून मी टॅब उघडायचा खूप प्रयत्न केला. सगळीकडे कुलूप. टॅबमधल्या बाईला गप्प करता येत होतं, सुधारता येत नव्हतं.

भाऊ फोनवर चिडला. "ताई, तुझा तो लिनक्स धर्म आत्ता तरी बाजूला ठेव ना."

"मी काही केलं नाही रे," मी म्हटलं. "डबा आईने ठेवलाय."

बाबांनी पत्रं लिहिणं सोडलं होतं, पण कॉम्प्युटरपुढे रोज बसायचे. एकदा मी लवकर घरी आले तर काय दिसलं? बाबा एक ओळ लिहितात, न साठवता बंद करायला जातात, चौकट येते, ती वाचतात, परत फिरतात आणि पुन्हा तेच करतात. नुसता ओरडा खायला बसले होते.

"काय करताय बाबा?"

"काही नाही. गळती बघतोय."

मग जरा वेळाने त्यांनीच विचारलं, "बाई काय म्हणाल्या? तोंडपाठ असेल ते आधी येतं ना? मग तुझ्या आईला याच्यापेक्षा पाठ काय असणार?"

आम्ही कॉम्प्युटर उचलून बाहेरच्या खोलीत आईच्या कॉटशेजारी आणला. रोज नाश्ता झाला की बाबांची शिकवणी सुरू. जन्मभर सरकारी काम बिनचूक केलेला माणूस आता पद्धतशीरपणे चुका करू लागला. प्रिंटरमधले कागद काढून छापायला लावायचे. नसलेल्या फाइली शोधायचे. मग आलेली सूचना अर्धी मोठ्याने वाचायची आणि आईकडे बघत थांबायचं. "जिथे ठेवलंत तिथेच..." अडचण एवढीच की रेडिओवर धरणांतला पाणीसाठा सांगतात त्या सुरात ते वाचत. आपलं इतकं सुरेख बोलणं कुणीतरी असं सपाट वाचतंय हे ऐकून आई डोळे मिटून घ्यायची. वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाला कविता म्हणायला उभं केल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा. पण शब्द एकही आला नाही. आठवडे गेले. शिकवणाऱ्या बाई धीर द्यायच्या, पण डॉक्टरांचे ते पहिले काही महिने सरत आलेत हे त्या आम्हाला सांगत नव्हत्या आणि आम्ही विचारत नव्हतो.

अशाच एका सकाळी मी घरूनच काम करत होते. बाबांनी पेपर उघडला आणि ओरडलेच. कालव्याच्या गळतीवर कुणा भलत्याच माणसाचं पत्र छापून आलं होतं, आणि त्याने गळतीची जागा चुकीची लिहिली होती. बाबांना हे सहन होण्यासारखं नव्हतं. शिकवणी विसरून ते खरंखुरं पत्र लिहायला बसले. कितीतरी दिवसांनी कीबोर्डचा तसा रागीट आवाज घरात ऐकू आला. आई कॉटवर उशीला टेकून बघत होती. पत्र चांगलं लांबलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली, गॅसचा सिलिंडर आला होता. बाबा घाईने उठले आणि उठता उठता बंद करायचं बटण दाबलं.

चौकट आली. बाबांनी उभ्यानेच ती वाचली, त्याच पाणीसाठ्याच्या सुरात. "तसेच निघालात? काय राहिलंय बघा." या वेळी त्यांनी अर्ध्यावर सोडलं नव्हतं. पडद्यावर होतं तेवढं सगळं वाचलं आणि दाराकडे वळले.

"मी काय," मागून आवाज आला.

बाबा थांबले. माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

आईने कपाळाला आठ्या घातल्या होत्या. ओठ एका बाजूला ओढले गेले होते. राग मात्र अगदी पूर्वीचाच होता, तोच जिन्यावरचा.

"मी काय... जन्माला पुरणार आहे?"

हे वाक्य पडद्यावर नव्हतं. फाइलमध्येही नव्हतं, मीच ते कापलं होतं. ते जगात एकाच ठिकाणी शिल्लक होतं आणि तिथूनच आलं होतं. मी उठले तशी माझी खुर्ची मागे पडली, आणि मला रडू फुटलं.

बाबा मात्र पुण्यात मुरलेला माणूस. एका हाताने टेबल धरून ते उभे राहिले आणि म्हणाले, "पुरशील की. घाई कसली आहे?"

टेबल म्हणून त्यांनी धरला होता तो माउस, आणि त्याचं बटण दाबलं गेलं. पडद्यावरची चौकट मिटली आणि तिच्याबरोबर ते अख्खं पत्र गेलं, सलाम नाही, दुआ नाही. पुढे नुसता पांढरा कागद राहिला. दाराबाहेर सिलिंडरवाल्याने पुन्हा बेल मारली. आईने जड हात बाजूला ठेवून डावा हात उचलला आणि त्या कोऱ्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"बघा," आई म्हणाली.